शैलाला आणायला करंजाड्यात

करंजाडे बघायला म्हणून कोणी जात नाही. तिथं लोक फ्लॅट घेऊन राहायला जातात आणि मग वास्तुशांतीला इतरांना बोलावतात, म्हणजे आपण एकटेच फसलो नाही अशी खात्री पटते. मी मात्र मिरजेहून मुद्दाम गेले, चांगली आठवडाभर राहिले आणि ज्या कामासाठी गेले होते ते न करता परत आले.

काम साधं होतं. माझी मैत्रीण शैला हिला परत आणायचं. मिरजेत आमची दोघींची घरं एकाच भिंतीची. तिच्या फोडणीचा ठसका मला लागायचा आणि माझा रेडिओ ती ऐकायची. ती कन्याशाळेत गाणं शिकवायची, मी पोस्टात तिकिटं विकायची. मागच्या वर्षी तिचे यजमान गेले. तिनं गाणं सोडलं, खाणं जवळजवळ सोडलं, आणि मग मुलगा अनिकेत येऊन तिला आपल्याकडे करंजाड्याला घेऊन गेला.

फोनवर विचारलं की म्हणायची, "बरं आहे ग." ज्या बाईला साध्या आमटीचं वर्णन करायला अर्धा तास लागतो ती दोन शब्दांत आटोपते, म्हणजे नक्कीच काहीतरी सोसतेय. मी मनातल्या मनात सगळं रंगवून टाकलं. कोंदट फ्लॅट, तोंड फिरवणारी सून, खिडकीशी बसून मिरजेकडे डोळे लावलेली शैला. गल्लीत जाहीर केलं, "घेऊनच येते तिला." वरची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं. निघाले तेव्हा गल्ली निरोपाला जमली होती. युद्धावर जाणाऱ्यालासुद्धा इतक्या वेळा 'डबा घेतलास का' विचारत नाहीत.

पनवेल स्टेशनबाहेर

रिक्षावाल्याला मी पत्ता वाचून दाखवला. सेक्टर, प्लॉट, विंग, फ्लॅट, सगळे आकडेच. पत्ता कसला, गणिताचा पेपर.

"आंटी, असा पत्ता नाय चालत," तो म्हणाला. "जवळ काय हाय ते सांगा. मेडिकल सांगा, डेअरी सांगा."

"तिथं किती मेडिकल आहेत?"

"सगळी मेडिकलच हाय."

शेवटी त्यानंच अंदाजानं रिक्षा काढली. गाढी नदी ओलांडली आणि फलक सुरू झाले. प्रत्येक फलकावर करंजाडे कशापासून तरी पाच मिनिटांवर होतं. विमानतळापासून, स्टेशनपासून, महामार्गापासून. करंजाडे स्वतः कुठे आहे, ते मात्र एकाही फलकावर नव्हतं. रस्ते रुंद, सरळ आणि धुळीनं भरलेले. दोन्ही बाजूंना इमारती, एकाच साच्यातून काढल्यासारख्या. ज्या इमारतीच्या नावात बाग होती तिथं पार्किंग होतं. जिच्या नावात नदी होती तिच्या दारात पाण्याचा टँकर उभा होता.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं मला अडवलं. "मॅडम, ॲपवर टाकलंय. मेंबरचं अप्रूव्हल येऊ द्या."

मेंबर म्हणजे शैला. मेंबर फोन उचलेना. वॉचमननं माझा फोटो काढला, तो बघून चेहरा वाकडा केला आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मिरजेत मी कोणाच्याही घरात मागच्या दारानं शिरू शकते. इथं पुढच्या दारातसुद्धा माझी परीक्षा चालू होती, आणि निकाल एका फोनमध्ये अडकला होता.

थोड्या वेळानं समोरून एक बाई झपाझप चालत आली. पंजाबी ड्रेस, पायात बूट, ओढणी कमरेला बांधलेली. मी पाय आत घेऊन तिला वाट करून दिली.

"नले! अगं, आलीससुद्धा?"

ती शैला होती. जन्मात साडीशिवाय काही नेसली नव्हती ती शैला. रंग काळवंडला होता, वजन थोडं वाढलं होतं. खिडकीशी झुरत बसून कोणाचं वजन वाढत नाही. मला पहिला संशय तिथंच आला.

"कुठे होतीस?"

"गावात होते जरा."

"कुठल्या गावात? हे काय आहे मग?"

"दाखवीन ग. आधी वर चल आणि पाणी जायच्या आत आंघोळ कर."

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. करंजाड्यात आधी आंघोळ विचारतात, कारण चहा होईपर्यंत नळ कोरडा होतो.

चौथा मजला

माझी सगळी भिस्त सुनेवर होती. रुचा वाईट निघाली असती तर माझं काम एका दिवसात झालं असतं. पण ती पोरगी सकाळी डबा भरून ऑफिसला जायची, दिवेलागणीला दमून यायची आणि आल्या आल्या विचारायची, "मावशी, भाकरी करू की चपाती?" सासूच्या गुडघ्याचं तेल संपलं तर न सांगता नवी बाटली आणून ठेवायची. चिडायला म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही तिनं. अनिकेतचं म्हणाल तर तो घरात होता असं त्याच्या चपलांवरून कळायचं. बाकी वेळ तो फोनमध्ये असायचा.

मग मी घराला नावं ठेवायचं ठरवलं. त्यासाठी गॅलरी फार सोयीची निघाली. जाहिरातीत तिला 'व्ह्यू' होता. तो समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचा होता. त्यांच्या बनियनला भोक कुठे कुठे आहे हे मला दुसऱ्या दिवशी तोंडपाठ झालं. त्यांनाही माझी दात घासायची तऱ्हा पाठ झाली असणार. मधूनच डोक्यावरून विमान जायचं, इतक्या खालून की पोटावरची अक्षरं वाचावीत. विमान आलं की घरातलं बोलणं अर्ध्यावर थांबायचं आणि ते गेलं की उरलेला अर्धा भाग पुढे सुरू व्हायचा. भांडणसुद्धा. शेजारचं जोडपं या कलेत इतकं तरबेज झालं होतं की विमान गेल्यावर नेमका पुढचा शब्दच उच्चारायचं.

संध्याकाळी मी एकटीच भाजीला उतरले. कोपऱ्यावर 'अस्सल कोल्हापुरी मिसळ' दिसली म्हणून अभिमानानं खाल्ली. रस्सा गोड होता. अस्सल होती ती फक्त पाटी. परत फिरले, फाटकातून आत शिरले, चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल दाबली. दार एका अनोळखी माणसानं उघडलं.

"शैला कुठेय?" मी त्याच्याच घरात त्यालाच दरडावलं.

"कोनती सोसायटी, मावशी?" त्यानं शांतपणे विचारलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "रोज कोनी ना कोनी येतं. परवा तर मीच समोरच्या बिल्डिंगमदी जाऊन सोफ्यावर बसलो व्हतो." तो जळगावकडचा होता. मला आमच्या फाटकापर्यंत सोडायला आला आणि वाटेत विचारलं, "मूळचे कुठले तुमी?"

हा प्रश्न मला तिथं सगळ्यांनी विचारला. डेअरीवाल्यानं, वॉचमननं, लिफ्टमधल्या बाईनं. शैला अभिमानानं सांगते की इथं कोणी कोणाला जात विचारत नाही. खरंच आहे. मूळचे कुठले ते विचारतात आणि बाकीचं मनातल्या मनात ताडून घेतात. सांगलीचे भेटले, साताऱ्याचे भेटले, धुळ्याचे, बनारसचे भेटले. करंजाड्यात करंजाड्याचं माणूस तेवढं मला भेटेना.

मंजुळाबाईंची पायरी

तिसऱ्या दिवशी सकाळी शैलानं बूट चढवले. "चल, गाव बघायचं होतं ना तुला?"

सोसायट्या संपतात तिथून पुढे वेगळीच घरं लागली. तीन तीन मजली, पोपटी आणि गुलाबी रंगाची, दारावर आजोबांचं नाव, खालच्या मजल्यावर भाड्यानं दिलेली जिम. विमानतळासाठी जी गावं उठवली त्यांच्यातल्या काही लोकांना इथं जागा मिळाल्या होत्या. अशाच एका घराच्या पायरीवर एक म्हातारी बाई सुका जवळा निवडत बसली होती. मागे संगमरवरी जिना चमकत होता.

"आत बसा की," मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं.

"आत एशी हाय. मना सर्दी होते." तिनं मला खालून वर पाहिलं आणि शैलाला विचारलं, "हीच का ती? तुला न्यायला आलेली?"

मी शैलाला अजून एका शब्दानं बोलले नव्हते. फक्त सगळ्या गल्लीला बोलले होते.

मंजुळाबाई आगरी. त्यांचं गाव आता धावपट्टीखाली आहे. "आमचा गाव तिथं व्हता," त्यांनी जवळ्याच्या हातानंच आकाशाकडे बोट केलं, कारण नेमकं तेव्हा विमान उतरत होतं. "डोंगर कापला, खाडीन माती टाकली. घर मिलाला, यो मोठा. पन शेजार नाय मिलाला. एक हितं, एक तिकडं."

त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात भटजी असतात, पण खरं लग्न लावते ती धवलारीण. देवांना बोलावण्यापासून नवरीला पाटावरून उठवण्यापर्यंत सगळं ती गाण्यातून करते. शैला इथं नवी नवी आली होती तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला निघाली आणि या पायरीपाशी थबकली. म्हातारी मासळी वाळत घालताना स्वतःशी गात होती.

"उबीच ऱ्हायली," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, बस. गातंस काय? तर ही म्हनते, गात व्हते. व्हते काय? गला काय बाजारान इकला?"

त्या दिवसापासून शैला रोज जाते आणि धवले, म्हणजे ही लग्नातली गाणी, शिकते.

मग मंजुळाबाईंनी मला गाऊन दाखवलं. आम्ही मिरजेचे. आमच्याकडे तंबोरे बनतात, त्यामुळे सुराची पारख आम्हाला जन्मतःच असते असं आम्हीच सगळ्यांना सांगत असतो. आवाज घोगरा होता, ताल चालत्या बाईच्या पावलांसारखा, आणि सूर स्वतःच्या मर्जीनं लागत होता. आता शैला कानावर हात ठेवेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. चुकलेल्या कोमल स्वरासाठी मुलींना वर्गाबाहेर काढणारी ही बाई. ती डोळे मिटून मागची ओळ उचलत होती. यजमान गेल्यापासून तिचा गाता आवाज मी ऐकला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. मी जवळ्याच्या वासाची तक्रार केली आणि नाकाला पदर लावला.

गॅलरीत, दुपारी

रुचा ऑफिसला, अनिकेत फोनवर. आम्ही दोघी शेंगा सोलत गॅलरीत बसलो होतो. समोरच्या गृहस्थांनी नवा बनियन घातला होता.

"शैले, कधी निघायचं मग?" मी विचारलं. "वरची खोली तयार आहे. तुला जिना नको असेल तर मी वर जाते."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मी नाही येत, नले."

"या धुळीत राहणार? पाण्याच्या टँकरवर?"

"धूळ वाईटच आहे. पाणी त्याहून वाईट आहे. रात्री मिरजेची आठवण येते, रडतेसुद्धा." तिनं मांडीवरची सालं झटकली. "पण तिथं मी बाहेर पडले की गप्पा थांबायच्या. सगळे चांगलेच वागायचे ग, पण हळू आवाजात. वाणी साखरसुद्धा हळू आवाजात तोलायचा. आणि ती माझी विद्यार्थिनी, तिच्या हळदीची गाणी मी बसवून घेतली होती. लग्नाआधी हे गेले. तर तिची आई घरी येऊन सांगून गेली, बाई, तुम्ही अक्षतांनाच या."

"आपल्याकडे असतंच तसं. मला नाही का सवय झाली?" मी म्हटलं. माझे यजमान फार लवकर गेले. कार्यात मागच्या रांगेत बसायचं, हे मी इतकी वर्षं करतेय की मंडपात कुठला पंखा मागपर्यंत वारा देतो ते मी बघून सांगू शकते.

"तुला सवय झाली," शैला म्हणाली, "तेच बघून मला भीती वाटली."

मी शेंगा सोलत राहिले. मग म्हटलं, "हे फोनवर सांगायला काय झालं होतं? नुसतं बरं आहे, बरं आहे."

"मी तिकडे नाही म्हणूनच सुखात आहे, असं तुला कसं सांगू? तुला किती लागलं असतं."

तेवढ्यात विमान आलं. करंजाड्याच्या विमानतळाचे माझ्यावर एवढेच उपकार. मला उत्तर द्यावं लागलं नाही. विमान गेल्यावर मी पुढचा शब्द उच्चारला नाही. शेजारच्यांची कला मला जमली नाही.

हळद

आदल्या दिवसापर्यंत मी 'येत नाही' म्हणत होते. मंजुळाबाईंच्या पुतण्याच्या मुलाची हळद होती. शेवटी गेले, ते घरी बसून कोणाशी रुसावं हे कळेना म्हणून.

आगऱ्यांची हळद लांबून कळते. आधी छातीत धडधडतं, मग कानाला ऐकू येतं. मंडपासमोर डीजेच्या पेट्यांची भिंत, तिच्यापुढे नाचणारी माणसं आणि मागे मटणाची पातेली. मिरजेत एखाद्याच्या हळदीचा आवाज पलीकडच्या गल्लीत गेला तर तक्रार जाते. इथं तो विमानांपर्यंत जात असावा. पानात तांदळाची भाकरी आणि वाल आले. भाकरी इतकी मऊ आणि पातळ होती की आमच्या ज्वारीच्या भाकरीचा मी मनातल्या मनात बचाव सुरू केला आणि दुसरी मागून घेतली.

मंजुळाबाई उठल्या. नुसता हात वर केला.

"आजी, एक गानं ऱ्हायलंय!" डीजेवाला ओरडला.

"देव थांबलेत. बंद कर."

आवाज एकदम बंद झाला आणि मला माझा श्वास ऐकू आला. पाटावर नवरदेव बसला. त्याच्याभोवती बायका बसल्या. मी सवयीनं मागची खुर्ची गाठली. पंखा तिथं चांगला होता.

मंजुळाबाईंनी धवला सुरू केला. आधी देवांना आवतण, मग पितरांना, मग गावदेवीला. ती देवीही नव्या देवळात हलवली आहे असं शैलानं सांगितलं होतं, पण गाण्यात तिला जुन्याच ठिकाणाहून बोलावत होत्या. बांधावरून ये, वडाखालून ये, खाडीच्या वाटेनं ये. देवीला पत्ता बदलल्याचं कोणी कळवलं नसावं. आजूबाजूच्या म्हाताऱ्या बायका मात्र त्या वाटेनं चालत असल्यासारख्या डोलत होत्या. मागची ओळ शैला घेत होती. तिच्या शाळेतल्या गोळीबंद आवाजात नाही. उघड्या आवाजात.

गाता गाताच मंजुळाबाईंनी वाटीतली हळद बोटांवर घेतली आणि मागे वळून मला बघितलं. गाणं शैलाकडे सोपवलं.

"मागं काय बसलीस? पुढं ये."

"नको," मी म्हटलं. "मला चालत नाही. आमच्यात..."

"माजा धनी खाडीन बुडाला तवा पोरगा पोटान व्हता. तवापासून लग्ना लावतंय मी. ज्यांची लावली त्यांना नातवंडा झाली." मंजुळाबाईंनी माझा हात धरून उठवलं. "तुमच्यात काय चालतं ते तुमी बगा. हितं मंडपान माजा शब्द."

मी हात सोडवून घेऊ शकले असते. म्हाताऱ्या हाताला तेवढा जोर नव्हता. मी गेले. मंजुळाबाईंनी माझ्या दोन्ही गालांना हळद लावली, खरखरीत बोटांनी, चांगली चोपडून. कोणीतरी हसलं, कोणीतरी माझ्यापुढे वाटी केली आणि म्हणालं, "लावा, मावशी, नवऱ्याला." मी त्या अनोळखी पोराच्या कपाळाला हळद लावली. पोरानं मान वाकवून नमस्कार केला.

शैलानं माझ्याकडे पाहिलं नाही, गात राहिली. तिला ठाऊक होतं की तिनं पाहिलं असतं तर मी काहीतरी टोचून बोलले असते.

परत

पनवेल स्टेशनवर शैला सोडायला आली. मंजुळाबाईंनी माझ्यासाठी जवळ्याची पुडी दिली होती, त्या पुडीच्या वासानं पुण्यापर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवली. गाडी हलायच्या आधी शैला म्हणाली, "रागावलीस?"

"खूप," मी म्हटलं. "दिवाळीत मिरजेला ये, म्हणजे नीट भांडता येईल."

"आणि तू?"

"मी इथं? या धुळीत?" मी म्हटलं. "पाणी कधी असतं ते फक्त आधी कळव."

गल्ली वाट बघत होती. मी एकटीच रिक्षातून उतरले तेव्हा सगळ्यांनी मागे बघितलं, शैला सामानाखाली राहिली असेल म्हणून. "काय झालं? सून सोडेना का?" मी म्हटलं, "शैलाच सोडेना." कोणाचा विश्वास बसला नाही. सुनेनंच कोंडून ठेवलं असणार असं दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांचं ठरलं.

वरच्या खोलीची गादी गुंडाळून ठेवली. करंजाड्याबद्दल जो विचारी त्याला धूळ, टँकर, गोड मिसळ आणि शेजाऱ्याचा बनियन सांगत राहिले. लोकांना आवडलं. आपण तिथं राहत नाही याचा त्यांना फार आनंद झाला.

पुढच्या महिन्यात समोरच्या घरातल्या प्राजक्ताचं लग्न निघालं. तिची आई पत्रिका घेऊन आली, माझ्या पाया पडली आणि प्रेमानं म्हणाली, "मावशी, अक्षतांना नक्की या हं. जेवूनच जायचं."

मी हळदीला गेले. ठेवणीतली साडी नेसले, चप्पल दाराबाहेर काढली आणि बायकांमधून वाट काढत पाटाशेजारी, अगदी पुढे जाऊन बसले. गप्पा थांबल्या. प्राजक्ताची आत्या सगळ्यांना हळद लावत लावत माझ्यापाशी आली आणि वाटी हातात धरून थबकली. तिनं प्राजक्ताच्या आईकडे पाहिलं. प्राजक्ताच्या आईनं जमिनीकडे पाहिलं.

मी गाल पुढे केला.